पहिल्या वर्षाला ह्युमन बायोलॉजी घेतलंय? मग लॅबपासून सुरुवात करा

ॲडमिशन झाल्या झाल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, पुस्तक कुठलं घेऊ. आपल्या गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडची मुलं तर हमखास विचारतात, कारण चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश, आणि आता कॉलेजात एकदम हजार पानांची पुस्तकं, त्यामुळे पोटात गोळा येतो. मी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते, आणि माझं सरळ म्हणणं आहे की पुस्तकाचं नंतर बघू, हा विषय आधी लॅबमध्ये शिकायचा असतो. जो मुलगा स्वतःच्या गालातली पेशी स्वतः बघतो आणि जशी दिसली तशी काढतो त्याला थिअरी निम्मी तिथेच कळलेली असते, आणि जो सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो त्याला सेमिस्टरच्या शेवटीसुद्धा काही कळलेलं नसतं. बाकी सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी कोर्सचं गणित समजून घ्या. बहुतेक कॉलेजांत हा चार क्रेडिटचा पेपर, तीन थिअरीचे आणि एक प्रॅक्टिकलचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. म्हणजे ४५ तास लेक्चर आणि ३० तास लॅब. मुलं मार्कांकडे बघून लॅबला चौथा हिस्सा समजतात, पण वेळेकडे बघितलं तर ७५ पैकी ३० तास तुम्ही तिथेच असणार आहात. आठवड्याला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल धरलं तर फार तर १५ प्रॅक्टिकल्स, त्यात चवथीची सुट्टी, मध्येच रेड अलर्ट लागून कॉलेज बंद, असं धरून चाला, म्हणजे एक बुडलं तरी किती जातं ते लक्षात येईल. हजेरी ७५ टक्के लागतेच, पण लॅबचा प्रश्न हजेरीचा नाहीच, लेक्चरच्या नोट्स मैत्रिणीकडून मिळतात, हाताने करायचं काम कोणाकडून मिळत नाही. बॅच बदलून करता येत असेल तर त्याच आठवड्यात मॅडमना भेटून विचारा, महिनाभराने नाही.

खरेदी थोडीच आहे. पूर्ण बाह्यांचा सुती एप्रन, एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर, एका बाजूला कोरं पान असलेलं जर्नल, हँडग्लोव्ह्जची जोडी, एक जुना मऊ सुती रुमाल. डिसेक्शन बॉक्स मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. बेडूक कापावा लागेल का म्हणून घरचे घाबरलेले असतात, तर नाही, यूजीसीने २०१४ मध्ये झूलॉजी आणि लाइफ सायन्सेसच्या कोर्समधलं प्राण्यांचं डिसेक्शन बंद केलं, आता मॉडेल, चार्ट, सिम्युलेशन असतं. पुस्तक लायब्ररीतून दोन-तीन चाळून बघा, ज्यातल्या आकृत्या तुम्हाला कळतात ते घ्या, नवीन एडिशनचा हट्ट नको.

पहिल्या दिवशी केस बांधलेले, चप्पल नाही तर बंद बूट, पाऊस असला तरी. बूट भिजतात म्हणून मुलं फ्लोटर घालून येतात, मग पायावर स्टेन (पेशी रंगवायचा रंग) किंवा ॲसिड सांडतं. एक जोडी पिशवीतून आणा आणि लॅबबाहेर बदला. फोन बॅगेत. आणि तिथल्या लॅब अटेंडंटशी पहिल्या दिवसापासून नीट बोला, कुठली बाटली ताजी, कुठल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू सैल, ते त्यांनाच माहीत असतं.

आता मायक्रोस्कोप, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळी गाडी इथेच अडते. वर डोळा लावायची लेन्स म्हणजे आयपीस १०एक्स, खाली स्लाइडकडच्या लेन्स म्हणजे ४, १०, ४० आणि १०० ची ऑब्जेक्टिव्ह्ज, दोघांचा गुणाकार म्हणजे मॅग्निफिकेशन, ४० ला बघताय म्हणजे ४०० पट. सुरुवात नेहमी ४ पासून. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची पाटी, वर घ्या ते बाजूने डोळ्याने बघत, आयपीसमधून बघत नाही, आणि मग स्टेज खाली नेत फोकस करा, म्हणजे लेन्स स्लाइडवर आपटत नाही. ४० वर गेलात की मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. चित्र फिकट, धुरकट वाटलं की लाइट वाढवू नका, स्टेजखालची उजेडाची झडप, म्हणजे डायफ्रॅम, थोडी बंद करा, नव्वद टक्के वेळा तेवढ्याने कडा दिसायला लागतात. तेल फक्त १०० ला. ४० ला चुकून लागलं तर लगेच सांगा, लेन्स पेपरने तेव्हाच पुसलं तर निघतं, वाळलं की लेन्स जाते. काम संपलं की परत ४ वर आणून ठेवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, जून ते सप्टेंबर. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि नवीन मुलं ते स्लाइडमधलं समजून आकृतीत काढतात. स्लाइड हलवून बघा. डाग हलला तर स्लाइडवर आहे, नाही हलला तर आयपीस फिरवून बघा, आयपीसबरोबर फिरला तर तिथे आहे. ही साधी तपासणी पहिल्याच दिवशी करायची सवय लावून घ्या. मायक्रोस्कोपच्या पेटीत निळी सिलिका जेल ठेवलेली असते, ती गुलाबी झाली की ओल शोषून संपलेली असते, अटेंडंटना सांगा, ते गरम करून परत वापरतात.

पहिली स्लाइड बहुतेक गालाच्या पेशींची असते. तोंड धुऊन घ्या, टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकं खरवडा, स्लाइडवर पसरवा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची. जास्तीचा रंग टिपकागदाने कडेने ओढून घ्या. बघायचं काय, तर वेडेवाकडे सपाट फिकट निळे तुकडे, काही एकमेकांवर चढलेले, काही दुमडलेले, आणि प्रत्येकात एक गडद ठिपका म्हणजे न्यूक्लिअस. अगदी गोल, काळ्या जाड कडेचं, चकचकीत काही दिसलं तर तो हवेचा बुडबुडा आहे, दरवर्षी निम्मा वर्ग बुडबुडाच काढतो कारण तो पुस्तकातल्या गोल पेशीसारखा दिसतो! तुमच्या पेशी दुमडलेल्या दिसल्या तर दुमडलेल्याच काढा. आकृतीत शेडिंग नको, एकच स्वच्छ रेघ, लेबलच्या रेघा एका बाजूला आडव्या आणि एकमेकांना न कापणाऱ्या, खाली मॅग्निफिकेशन.

मग येतं रक्त, आणि इथे सगळ्यात जास्त भीती असते. आधी हे ऐका, बोट टोचून घ्यायची सक्ती नसते आणि नसावी. रक्त लवकर थांबत नाही, चक्कर येते, कसली औषधं चालू आहेत, तर मॅडमना बाजूला जाऊन सांगा, सगळ्यांसमोर कारण द्यायची गरज नाही. उपाशी येऊ नका. श्रावणातला सोमवार आहे आणि उपास आहे तर त्या दिवशी रक्त देऊ नका, पुढच्या बॅचला द्या. बसून टोचायचं, उभं राहून नाही.

प्रत्येकाची लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, वेगळी, सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, एकदा वापरली की संपली. अनामिकेच्या टोकाची बाजू, स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं तर थेंब पसरतो आणि पेशी फुटतात. पहिला थेंब पुसून टाका. बोट दाबून दाबून रक्त काढू नका, त्याने टिश्यूतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं, त्यापेक्षा आधी हात खाली सोडून थोडा चोळून गरम करा. कचऱ्याचेही नियम आहेत, २०१६ पासूनचे बायोमेडिकल वेस्टचे: लॅन्सेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, काचेच्या स्लाइड निळ्यात. बाहेर कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला तुमची सुई लागू नये म्हणून हे आहे, मार्कांसाठी नाही, त्यामुळे ह्यात मी कोणालाच सूट देत नाही.

हिमोग्लोबिन बऱ्याच कॉलेजांत अजून साहलीच्या पद्धतीने करतात. ट्यूबमध्ये एन बाय टेन, म्हणजे पातळ, हायड्रोक्लोरिक ॲसिड खालच्या खुणेपर्यंत, पिपेटमध्ये बरोबर २० मायक्रोलिटर रक्त, पिपेटची बाहेरची बाजू पुसून ते ॲसिडमध्ये सोडायचं, आणि मग दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटंच कोणी थांबत नाही. हिमोग्लोबिनचं ॲसिड हिमॅटिन व्हायला तेवढा वेळ लागतो, घाई केली की रंग पुरता गडद होत नाही आणि रीडिंग कमी येतं. नंतर डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब, ढवळत, बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. उजेड खिडकीचा घ्या, ढगाळ दिवशी ट्यूबलाइटखाली रंग वेगळा वाटतो, तसं असेल तर जर्नलमध्ये तेही लिहा. आणि दोन जणांना दाखवून रीडिंग घ्या, रंग जुळवणं हे डोळ्यावर आहे, दोघांत अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतोच.

आता आकडा. डेसिलिटरला मुलींमध्ये १२ ग्रॅमच्या खाली आणि मुलांमध्ये १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया असं जागतिक आरोग्य संघटना धरते. दर बॅचला काही मुलींचं ९-१० येतं, आणि त्या ते खोडून १२.५ लिहितात, कारण पुस्तकात नॉर्मल तेवढं दिलंय. कृपा करून असं करू नका. एक तर आलेला आकडा लिहिणं हेच प्रॅक्टिकल आहे, नॉर्मल आणण्याचे मार्क कोणी देत नाही. दुसरं म्हणजे तो तुमच्या शरीराचा आकडा आहे. साहलीची पद्धत ढोबळ आहे, त्यावरून गोळ्या सुरू करायच्या नाहीत, पण जवळच्या हेल्थ सेंटरला जाऊन सीबीसी, म्हणजे रक्ताची पूर्ण तपासणी, करून घ्या, आईलाही सोबत न्या, बऱ्याचदा तिचंही कमीच असतं.

रक्तगटाचं प्रॅक्टिकल मुलांना सगळ्यात आवडतं. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, रंग नसलेलं अँटी-डी, ह्या रक्तात गुठळ्या करून गट दाखवणाऱ्या द्रवांचे तीन थेंब, प्रत्येकात रक्त, प्रत्येकाला वेगळी काडी. काडी तीच वापरली की सगळंच गुठळतं आणि मग सगळे एबी पॉझिटिव्ह! स्लाइड दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवत बघा, वाळायला लागली की कडेला खोट्या गुठळ्या दिसतात, त्या मोजायच्या नाहीत. ए, बी, ओ हे गट लँडस्टायनरने १९०१ मध्ये मांडले, पण वायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारावा असा आपल्या बाजूचा भाग वेगळाच आहे, १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. ह्या लोकांच्या पेशींवर एच अँटिजेन हा ओळखखुणेचा रेणूच नसतो, त्यामुळे तुमच्या स्लाइडवर ते साधे ओ दिसतील, पण त्यांना ओ चं रक्त चालत नाही. म्हणून कॉलेजच्या स्लाइडवरचा गट लायसन्सवर लिहायचा नाही, तो गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) किंवा दुसऱ्या ब्लड बँकेतून पक्का करून घ्यायचा.

ब्लड स्मिअरला, म्हणजे स्लाइडवर रक्ताचा पातळ थर पसरायला, पावसाळ्यात त्रास होतो हे आधीच सांगते. थेंब छोटा घ्या, दुसरी स्लाइड साधारण ४५ अंशात धरून एकाच झटक्यात पुढे ओढा, शेवट जिभेसारखा निमुळता आला पाहिजे. लगेच हवेत हलवून वाळवा, दमट हवेत हळूहळू वाळला की लाल पेशी आक्रसतात, कडा खडबडीत होतात, आणि मुलं त्याला आजार समजून लिहितात. तो रंगवायच्या लिशमन स्टेनमध्ये मिथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, सतत उघडी राहिलेली बाटली पावसात खराब होते, पेशींवर चकाकणारे पोकळ ठिपके दिसतात. तुमच्या स्लाइडला तसं झालं तर चांगली स्लाइड मागून घेऊन बघा, पण जर्नलमध्ये दोन्हींबद्दल लिहा, स्वतःची का बिघडली ह्याचं कारणही लिहा. अशा एका परिच्छेदावरून मला मुलाला काय समजलंय ते कळतं.

ब्लडप्रेशर थोडक्यात. जिना चढून आल्या आल्या घेऊ नका, पाच मिनिटं बसा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी गेली त्याच्या ३० वर जा, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने उतरवा. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण गेला तो खालचा. हे आवाज १९०५ मध्ये कोरोटकॉफने सांगितले, म्हणून त्याच्या नावाने. पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही, ते सगळ्यांचंच होतं, स्टेथोस्कोपची टोकं नाकाच्या दिशेने पुढे वळलेली कानात घातली की येतं. नाडीचं प्रॅक्टिकल बाहेर करा, पणजीत असाल तर आल्तिनोची चढण चढून वर पोचल्याबरोबर मोजा, मग दर मिनिटाला, पूर्ववत येईपर्यंत. वर्गात फुटबॉल खेळणारे असतातच, त्यांची आणि बाकीच्यांची नाडी उतरण्याचा ग्राफ शेजारी शेजारी काढा.

लाळेतल्या अमायलेजचं, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमचं, प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी सकाळी पेज खाल्लीत तर तोंड दोन-तीनदा चांगलं खुळखुळून या, नाहीतर लाळेतच स्टार्च असतो आणि आयोडीन आधीच निळंकाळं. दर मिनिटाला स्टार्च आणि लाळेच्या मिश्रणाचा एक थेंब टाइलवरच्या आयोडीनमध्ये, निळ्याकाळ्यापासून तपकिरी, मग रंगच नाही, ती वेळ लिहा. वेगवेगळ्या तापमानाला करायला दिलं तर ३७ ला सगळ्यात लवकर होईल हे पाठ आहे म्हणून तसं लिहू नका, वॉटरबाथचं थर्मामीटर स्वतः बघा, बऱ्याचदा ते ३३ ला असतं.

हाडं. मोठ्या माणसात २०६, हे शाळेपासून माहीत आहे, इथे विचारतात डावं की उजवं. युक्ती एकच, हाड स्वतःच्या अंगाला लावून बघा. फीमरचं (मांडीचं हाड) गोल डोकं आत आणि वर, मागच्या बाजूला उभी खरखरीत रेघ. ह्युमरसचा (दंडाचं हाड) मोठा खड्डा खाली मागे, कोपराच्या बाजूला. स्कॅप्युलाचा (खांद्यामागचं पाखट्याचं हाड) उंच कणा मागे, खोबण बाहेर. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालचं हाड) गोलसर टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकची असतात, पण जुन्या कॉलेजात खरीही असतात. ती कोणा माणसाची आहेत. त्यांच्यासोबत फोटो नाही, हसत हातात नाचवणं नाही, दोन्ही हातांनी उचलायची आणि जागेवर ठेवायची.

जर्नल त्याच दिवशी लिहा, घरी कदंबाच्या बसने पोचेपर्यंत अर्धं विसरतं, म्हणून रीडिंग आणि कच्ची आकृती लॅबमध्येच पूर्ण करा, नीट नंतर करा पण कच्चं पान फाडू नका. दुसऱ्याचे आकडे उतरवू नका. चार जणांचं हिमोग्लोबिन १३.२ कसं येईल, तपासणाऱ्याला लगेच कळतं.

थिअरीचं बोलायचं तर सगळे चॅप्टर वेगवेगळे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, इथे शरीर कुठली गोष्ट स्थिर ठेवतंय. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, उपाशीपोटीची साखर डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम, तापमान ३७ च्या आसपास. हलली की कोण ओळखतं, कोण परत आणतं. हे लागलं की इन्सुलिन, किडनी, घाम, श्वास सगळं एका माळेत येतं. मे महिन्यात आपल्याला इतका घाम येऊनही गार का वाटत नाही ह्याचं उत्तर तुमच्या स्किनच्या चॅप्टरमध्ये आहे, घाम वाळला तरच उष्णता घेऊन जातो आणि दमट हवेत तो वाळत नाही. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर गाळते आणि दीड लिटरच लघवी होते, बाकीचं कुठे जातं हे स्वतः सांगता आलं की चॅप्टर झाला. इम्युनिटी शिकताना सत्तरीतला माकडताप घ्या, २०१५ पासून तिथे केसेस झाल्या, विषाणू गोचिडीतून येतो, सत्तरीचा मुलगा वर्गात असेल तर त्याला ह्याबद्दल पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं, त्याला विचारा. आणि इंग्लिशची धास्ती असेल तर आधी मैत्रिणीला मराठीतून मोठ्याने समजावून सांगा, जिथे अडाल तिथे कळलेलं नाही, ते वाचा, मग इंग्लिशमधून पाच ओळी लिहा. ह्या क्रमाने केलं तर भाषा आड येत नाही.

आयएसए, म्हणजे कॉलेजच्या छोट्या परीक्षा, सेमिस्टरच्या मध्ये मध्ये येतात आणि मुलं त्या हलक्यात घेतात. तिथले मार्क सगळ्यात सोपे असतात, पोर्शन छोटा आणि ताजा असतो. चवथीच्या आधी एक होऊन जाते बहुतेक, सुट्टीआधी संपवा म्हणजे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना डोक्यात चॅप्टर नको.

प्रॅक्टिकल परीक्षेला स्पॉट्स, म्हणजे ओळखायला मांडून ठेवलेल्या वस्तू आणि स्लाइड, असतात, एक-दोन मिनिटांनी पुढे सरकायचं. ओळख आली नाही तरी जे दिसतंय ते लिहा, पेशी लांबट, आडवे पट्टे, न्यूक्लिअस कडेला, एवढं लिहिलं तरी अर्धे मार्क मिळू शकतात, आणि लिहिता लिहिता बऱ्याचदा आठवतं की हा स्केलेटल मसल. वायवामध्ये एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, तुमचं जर्नल उघडून त्यातलाच आकडा विचारतात, हा असा का आला. स्वतः केलेलं असेल तर उत्तर तुमच्याकडे असतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पुढचा प्रश्न येतो. जर्नल सर्टिफाय करून घ्यायला शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, तेव्हा मॅडमच्या टेबलावर सगळ्या बॅचेसचा ढीग असतो, दर दोन प्रॅक्टिकल्सनंतर सही घेत चला, आणि सर्टिफिकेटच्या पानावर सीट नंबर घालायला विसरू नका.